आतले शटर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मोबाईलवरील खेळांचे व्यसन आणि योगसाधना, हा आजचा विषय. मी वैद्य नाही, योगाचार्यही नाही. चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला मी एक व्यापारी आहे. तथापि गिऱ्हाईक दुकानात कसे रमवावे, ही विद्या मला थोडीफार अवगत आहे. आपण पाणी विचारतो, 'घेऊ नका, नुसते पाहून घ्या' म्हणत आणखी एक ठाण उलगडतो. मोबाईलवरील खेळही हेच करतो. एक पातळी संपते तोच दुसरी उलगडते. बक्षीस कधी मिळते, कधी थोडक्यात हुकते, म्हणून 'आणखी एकदाच' हा मोह आवरत नाही. मात्र आपल्या दुकानाचे शटर रात्री खाली येते, त्या दुकानाला शटरच नाही. तेव्हा मुलाला दूषणे देण्यापूर्वी समोरचा विक्रेता किती निष्णात आहे, हे ध्यानी घ्यावे.

खूप खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. खेळावरील ताबा सुटणे, अभ्यास, जेवण, झोप यांहून खेळ वरचढ होणे आणि हानी दिसत असूनही न थांबणे, ही लक्षणे साधारणतः बारा महिने टिकली तर तो विकार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेचे त्याची नोंद असलेले रोगवर्गीकरण २०१९ साली संमत झाले आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तर २०१४ मध्येच तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचारसेवा सुरू केली.

केवळ बंदीने हा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईलवर बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याच धर्तीचा खेळ नव्या नावाने अवतरला. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले, ते योग्यच झाले. परंतु मुलाची झोप हिरावण्यास पैसे लावावे लागतात असे नाही. बाहेरचे शटर शासन ओढू शकेल, आतले शटर ज्याचे त्यानेच ओढावयाचे असते.

येथे योग साहाय्यास येतो. मनात ओढ उठते आणि बोट पडद्यावर जाते, या दोहोंमध्ये क्षणाचेही अंतर न उरणे, हे व्यसनाचे मर्म आहे. हे अंतर निर्माण करण्याची तालीम म्हणजे योग. पतंजलींनी मनोनिग्रहासाठी अभ्यास व वैराग्य ही दोन साधने सांगितली. चौदा वर्षांच्या मुलाला वैराग्याचा उपदेश रुचणार नाही, म्हणून प्रारंभ अभ्यासाने करावा. सूर्यनमस्कार व भुजंगासन यांनी वाकलेली पाठ मोकळी होते. संथ, दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, चित्त निवते. शवासन मात्र या मुलांना सर्वांत कठीण जाते. क्षणोक्षणी काहीतरी घडण्याची सवय जडलेल्या मनाने पाच मिनिटे स्वस्थ राहावयाचे असते. आपल्या परंपरेतील कायोत्सर्ग आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक यांतही हीच स्थिरतेची साधना आहे.

आमच्या घरी नातवासोबत आम्ही सर्वजण पहाटे वीस मिनिटे बसू लागलो. पहिल्या आठवड्यात तो दर मिनिटाला डोळे उघडून घड्याळ पाही. तीन महिन्यांनी एका सायंकाळी त्याने डाव अर्ध्यावर सोडून मोबाईल माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "आजोबा, हा तुमच्याकडे ठेवा, मला अजून खेळावंसं वाटतंय." ओढ संपली नव्हती, पण ती त्याला दिसू लागली होती. मी यालाच यश मानतो.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. योग हा शिक्षा म्हणून लादू नये, वडीलधाऱ्यांनी सोबत बसावे. रात्री घरातील सर्वांचे मोबाईल, आपलाही, शयनगृहाबाहेर असावेत. आणि मूल शाळा टाळू लागले, हिंसक झाले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. योग उपचारांना पूरक आहे, पर्याय नव्हे.

व्यापारी रोजच्या रोज रोकड मिळवतो. मुलांच्या बाबतीतही महिनाअखेरीची वाट न पाहता आपण रोज त्यांच्याजवळ वीस मिनिटे बसावे, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!