युद्धकाळाच्या खुणा आणि अंबाजोगाई : स्वागताध्यक्षीय भाषण

योगेश्वरीच्या, मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या या नगरीत स्थानिक इतिहासाच्या परिषदेसाठी आलेले अध्यक्ष महोदय, अभ्यासक, शिक्षक आणि रसिक श्रोते यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. देवस्थान आणि आद्यकवीचे गाव म्हणून अंबाजोगाईचा लौकिक सर्वदूर पोहोचला असला, तरी निजामी राजवटीत हेच गाव मोमिनाबाद या नावाने लष्करी छावणीचे ठाणे होते, आणि या दुसऱ्या ओळखीची विचारपूस आजवर फारशी झालेली नाही. ती व्हावी, याच हेतूने समितीने हे यजमानपद आग्रहाने मागून घेतले.

बीड जिल्ह्याला लढाया नव्या नाहीत. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर असलेल्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. नदीला पूर असल्याने निजाम फौजेच्या काही भागासह उत्तर तीरावर अडकून पडला आणि दक्षिण तीरावर मागे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. हा वृत्तान्त मराठी इतिहासग्रंथांत सविस्तर येतो. मात्र त्या श्रावणात नदीकाठच्या गावांतील उभ्या पिकांचे, वैरणीचे आणि जनावरांचे काय झाले, दोन्ही फौजांना धान्य कोणी पुरविले आणि कोणत्या दराने पुरविले, हे सांगणारे पान त्याच ग्रंथांत शोधत बसावे लागते. लढाईचा दिवस नोंदला जातो आणि लढाईच्या काळातले जगणे नोंदीबाहेर राहते, ही उणीव केवळ अठराव्या शतकापुरती मर्यादित नाही.

मोमिनाबादची छावणी हे तिचे जवळचे उदाहरण होय. येथे हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ राहत असे. कंटिन्जंट म्हणजे निजामाच्या खर्चाने उभी केलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौज. तिच्या थकलेल्या खर्चापोटीच १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला. या घोडदळात शिलेदारी पद्धत होती, म्हणजे घोडा आणि सरंजाम स्वाराने स्वतःचा आणावयाचा व सरकारने त्याला ठरीव पगार द्यावयाचा, तर दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणाऱ्यास बारगीर म्हणत. अशी छावणी जेथे असते, तेथे नालबंद, खोगीर करणारे, गवत विकणारे, सावकार आणि बाजारबुणगे यांची अख्खी वस्ती तिच्या आधाराने वाढते, आणि छावणी उठली की त्या वस्तीची उपजीविकाही डळमळते. १९०३ साली कंटिन्जंट स्वतंत्र फौज म्हणून संपुष्टात आली आणि तिचे रिसाले ब्रिटिश हिंदी सैन्यात सामावले गेले. त्यांपैकी २० व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणक्षेत्रावरील हाय वुड या रानाजवळ घोड्यांवरून चढाई केली. तोफा आणि मशीनगनांच्या त्या युद्धात अशी चढाई क्वचितच घडली. फ्रान्समधील त्या रानाचा आणि बालाघाटाच्या डोंगररांगांतील या गावाचा असा धागा जुळतो, ही गोष्ट येथील शाळकरी मुलांना ठाऊक असणे समितीला अत्यंत अगत्याचे वाटते.

याच गावातील योगेश्वरी विद्यालयात १९३५ च्या सुमारास हिप्परग्याहून आलेले स्वामी रामानंद तीर्थ अध्यापन करू लागले, आणि १९३८ च्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरण्यापूर्वीची त्यांची कार्यकर्ते घडविण्याची वर्षे अंबाजोगाईत गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानात लेव्ही, म्हणजे शेतकऱ्याने ठरीव दराने सरकारला सक्तीने घालावयाचे धान्य, वसूल होऊ लागली आणि रणांगणापासून हजारो कोस दूर असलेल्या कुणब्याच्या कणगीपर्यंत युद्ध येऊन पोहोचले. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या, म्हणजे कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील सशस्त्र स्वयंसेवक दलाच्या, जाचामुळे अनेक कुटुंबे सरहद्दीपलीकडे नगर आणि सोलापूरकडे गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईने, जिला सरकारी भाषेत ऑपरेशन पोलो आणि लोकांच्या बोलण्यात पोलीस ॲक्शन म्हणतात, निजामी राजवट संपली. अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथाने या संग्रामाची मोठी नोंद करून ठेवली आहे आणि तिचे मोल वादातीत आहे.

तथापि मुक्तीच्या त्याच आठवड्यांना दुसरी बाजू आहे, आणि परिषदेने ती टाळू नये अशी समितीची स्पष्ट भूमिका आहे. कारवाईनंतर अनेक गावांत मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. त्याच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५,००० माणसे आणि संपूर्ण संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज दिला. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या भीतीने घर सोडलेली आजी आणि त्यानंतरच्या सुडात घरधनी गमावलेली आजी या एकाच बाजाराला येणाऱ्या बायका होत्या, आणि दोघींपैकी एकीचीच हकिकत लिहून ठेवणारा इतिहास अर्धा आणि अन्यायकारक ठरतो.

१९४८ साली दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यास आता फार थोडा अवधी उरला आहे. लेव्हीच्या पावत्या, उर्दू आणि मोडीतील कागद, छावणीच्या जागा, जुन्या विहिरी आणि कबरी यांची गावनिहाय नोंद करण्याचे कामही तितकेच निकडीचे आहे. येथे जमलेल्या प्रत्येक प्रतिनिधीने परत गेल्यावर आपल्या गावातील निदान एका वृद्ध व्यक्तीची साक्ष, तिच्या संमतीने आणि तिच्याच बोलीत, नोंदवून घ्यावी, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.