गच्चीवरचं गरम पाणी

डिसेंबरात नागपूरचा पारा काही रात्री १० अंशांच्या खाली घसरतो, दुपारी मात्र ऊन लख्ख! केंद्राने ‘आदर्श सौर शहर’ म्हणून निवडलेल्या या शहरात सोलर हीटर शोभतो तो यामुळेच.

दक्षिणेकडे तोंड केलेल्या काचेच्या नळ्यांत पाणी तापतं, हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं; त्याच्या जागी थंड पाणी उतरतं. ना पंप, ना वीज. १०० लिटरचा हीटर वर्षाला १५०० युनिटांपर्यंत वीज वाचवू शकतो.

बोअरचं पाणी जड असेल, तर नळ्यांत क्षार साचतात. त्या साफ करून घ्याव्याच लागतात.

महावितरणमार्फत राबवल्या जाणाऱ्या २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहे, हीटरसाठी नव्हे. दोन्ही हवे असतील, तर आधी गच्ची मोजून घ्या.