धनी उठून गेल्यावर

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली रचण्यास प्रारंभ केला. त्या काळी एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत, आणि दूरची माणसे टेलिफोनच्या तारेने त्याला जोडलेली असत. तारेवरील संबंध तुटला, की माणूस उठून गेला असे समजून प्रणाली त्याच्या चालू प्रोग्रॅमांना ‘हँगअप’ नावाचा इशारा धाडी. इशाऱ्याचा क्रमांक एक. तो मिळताच प्रोग्रॅम मुकाट्याने संपत. धनीच गेला, तर सामायिक यंत्राचा वेळ त्याच्या चाकरांनी का खावा?

परंतु रात्रभर चालणाऱ्या गणिताचे काय? त्यासाठी ‘नोहप’ ही आज्ञा आली. ती प्रोग्रॅमला या एका इशाऱ्यापुरते बहिरे करते आणि टर्मिनलवर उमटावयाचा मजकूर एका फाइलीत साठविते.

काही प्रोग्रॅमांना तर समोर बसलेला धनी कधीच नसतो. टपाल पोचविणारे, छपाई सांभाळणारे, ठरल्या वेळी कामे करणारे हे सेवक ‘डीमन’ म्हणून ओळखले जातात. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीत, मॅक्सवेलच्या रेणू निवडणाऱ्या काल्पनिक जिवावरून पडले. सतत काम मागून धन्याला भंडावणाऱ्या भुताची गोष्ट आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते. डीमन मात्र काम नसेल तेव्हा स्वस्थ झोपतो.

त्याच्या जन्माची रीत विलक्षण आहे. जनक प्रोग्रॅम एका अपत्याला जन्म देऊन स्वतः संपतो. पोरके अपत्य ‘इनिट’ या पहिल्या प्रक्रियेच्या ओटीत जाते, टर्मिनलशी नाते तोडते आणि आपल्या कामाची नोंद लॉगमध्ये लिहीत राहते. ही नोंद नसेल, तर कोणाच्या दृष्टीस न पडणारा हा चाकर केव्हा आणि कशाने मेला, हे कळावयाचे नाही.

२०१० साली आलेल्या सिस्टमडी या व्यवस्थापकाने पुढे लिनक्सच्या बहुतेक प्रमुख वितरणांत इनिटची जागा घेतली. मे २०१६ मधील त्याच्या आवृत्तीने मूळ नियमच फिरविला: माणूस बाहेर पडला, की मागे उरलेले त्याचे प्रोग्रॅम बंद करावेत, नोहप असो वा नसो. रेंगाळणारे प्रोग्रॅम यंत्राला भार होतात, ही कर्त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण जुन्या वहिवाटीवर विसंबून गणित लावून गेलेल्याला सकाळी अर्धवट फाइल सापडावी, हे कोणत्या न्यायात बसते? डेबियनने तो नियम आपल्यापुरता मागे घेतला.

टेलिफोनच्या त्या तारा आता बहुतेक गेल्या. पहिल्या क्रमांकाचा इशारा मात्र टिकून आहे. डीमनला टर्मिनलच नसल्याने त्याच्यापुरता त्याचा अर्थ पालटला; आज पुष्कळसे डीमन तो ऐकून मरत नाहीत, आपल्या नियमांची फाइल पुन्हा उघडून वाचतात.