वीणा खाली न ठेवता



आजचा विषय, मिनिमलिझम आणि जॅझ यांचा मेळ, परका वाटेल, म्हणून सुरुवात तुमच्याच मांडवातून करतो. आंदर मावळात अखंड हरिनाम सप्ताह बसला की पहारे लागतात. विणेकरी बदलतो, पण सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. तिच्यावर कुणी राग वाजवत नाही, तारा नुसत्या छेडायच्या. तो नाद मागे आहे म्हणून पखवाजी आणि चाल म्हणणारा मोकळे सुटतात.

४ नोव्हेंबर १९६४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत टेरी रायली या संगीतकाराची ‘इन सी’ ही रचना पहिल्यांदा सादर झाली. कागदावर फक्त ५३ छोटे स्वरतुकडे. वादक किती, वाद्यं कोणती, काही ठरलेलं नाही. एकेक तुकडा मनाला येईल तितक्या वेळा वाजवायचा आणि पुढच्यावर जायचं; मात्र सोबत्यांना सोडून पळायचं नाही. पियानोवर एक जण वरचा षड्ज सारखा ठोकत बसतो. तो त्यांचा विणेकरी! थोडक्या सामग्रीच्या या संगीताला मिनिमलिझम म्हणतात.

रायली जॅझवर प्रेम करणारा. जॅझमध्ये स्वरसंघ भराभर बदलत आणि वादक त्यांच्यामागे धावे. १९६० च्या सुमारास जॉन कोल्ट्रेन एकाच आधारावर दीर्घकाळ थांबून सॅक्सोफोन वाजवू लागला. आपल्या रागसंगीताची त्याला एवढी ओढ, की मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. रायली तर १९७० मध्ये पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकायला भारतात आला. घराणं कोणतं? किराणा! अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत रुजवलेलं, भीमसेनजींनी पुण्यात घराघरांत पोचवलेलं.

पण मला खरं सांगायचंय ते एका माय-लेकांबद्दल. शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या. ठुमरी गाताना त्या शब्दांची एकच ओळ घेत, पुन्हा पुन्हा तीच. कधी रुसवा, कधी विनवणी, कधी नुसता थकवा. सामग्री केवढीशी, आणि उपज संपता संपत नाही. मिनिमलिझम आणि जॅझ यांचा मेळ मला तिथेच, त्या एका ओळीत दिसतो. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू तबला शिकून युरोपात गेला, जॅझ वाजवू लागला. जमिनीलगत बसून तो ड्रम वाजवतो, आणि पाण्याच्या बादलीत घंटा बुडवून तिचा स्वर वाकवतो. ‘उस्फ्रेत’ या १९८८ च्या त्याच्या ध्वनिमुद्रणात आई गायली आहे, आणि ट्रम्पेटवर आहे डॉन चेरी. याच चेरीने १९७५ मध्ये कोलोनला रायलीसोबत वाजवलं होतं!

नव्या संगीतकारांना माझी कळकळीची विनंती आहे. संगणकात एक तुकडा फिरत ठेवायचा आणि त्यावर कुणीतरी सॅक्सोफोन वाजवायचा, याला मेळ समजू नका. यंत्र ऐकत नाही. तबल्याला लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी एकच सुरावट, देणारा मात्र प्रत्येक मात्रेला ऐकत असतो. तबलजी अडखळला तर त्याच्यासाठी सम जपून ठेवतो. रचना लिहिताना आधी हा माणूस लिहा. बाकीच्यांसाठी जागा सोडा.

हेच आत्ता करून पाहण्याची इथल्या भजनी मंडळाला मी आधीच गळ घातली आहे. पेटीवर आठ मात्रांची एकच ओळ राहील, ती बदलायची नाही. पखवाज त्यावर आपल्या मर्जीने चालेल. तुमच्यापैकी ज्यांनी टाळ आणलेत, त्यांनी पुढे येऊन बसावं.