लेकरांची भूक मारूं नका

(आमच्या गांवच्या चावडीपुढें जमलेल्या आईबापांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही तुम्हांस शाळेच्या हजेरीविषयीं सांगणार नाहीं. शाळेंत येण्यापूर्वींच्या पांच-सहा वर्षांत आपलें लेकरूं जेवतें कसें, एवढीच गोष्ट बोलणार आहों. "गुरुजी, पोर कांहींच खात नाहीं हो !" ही तक्रार आम्हीं शेतकऱ्याच्या ओट्यावर ऐकली, सुताराच्या दारीं ऐकली, कुंभाराच्या आव्यापाशीं ऐकली, आणि खोटें कां बोला, आमच्या घरींही ऐकली.

घरचीच गोष्ट आधीं सांगतों. आमची धाकटी मुलगी दीड वर्षाची असतां तिची आई वाटी घेऊन तिच्यामागें अंगणभर फिरे. आम्ही तिचे हात धरीत असूं आणि आई घांस कोंबीत असे. पोर रडे, ओके, आणि पुढें पुढें तर वाटी दिसतांच तोंड फिरवी. शेजारणीच्या सांगण्यावरून दृष्ट काढली, लिंबें ओंवाळून टाकलीं. एका बाबानें अंगारा दिला आणि दक्षिणा घेतली. पोर तशीच. शेवटीं अंगणवाडीच्या ताईनें तिला तोललें, कार्डावर टिंब मांडलें आणि हंसून म्हणाली, "गुरुजी, हिचें वजन नीट चढत आहे. हिला भूक नाहीं असें नाहीं. ती तुमच्या वाटीला भ्याली आहे." ट्रेनिंग कॉलेजांत मुलाच्या मनाविषयीं आम्हीं पुष्कळ पाठ केलें होतें, पण तें आमच्या ताटापर्यंत आलेलें नव्हतें. त्या दिवशीं आमची आम्हांस लाज वाटली.

आतां हिशेब पाहा. ३ किलोंचें जन्मलेलें मूल वर्षाचें होतां सुमारें ९ किलोंचें होतें, म्हणजे तिप्पट. पण दुसऱ्या सबंध वर्षांत तें अवघें दोन-अडीच किलो वाढतें. वाढ मंदावली कीं भूकही मंदावते. हा सृष्टीचा नियम आहे, कोणाची नजर नव्हे. शिवाय त्याचें पोट लहान. वर्ष-दीड वर्षाच्या मुलास एका वेळीं एक मोठी वाटी अन्न पुष्कळ झालें. म्हणून मोठ्या माणसांसारखें दोनदां जेवण त्यास पुरत नाहीं. दिवसांतून तीन-चार वेळां जेवण आणि मधून एकदोनदां खाऊ, असें त्यास थोडेंथोडें लागतें.

कोणी विचारील, "लेकरास काय कळतें ? त्याच्यावर सोडलें तर उपाशी मरेल." अमेरिकेंत डॉक्टर क्लारा डेव्हिस ह्या बाईंनीं, नुकतीं अंगावरून सुटलेलीं १५ बालकें घेऊन पुष्कळ महिने हेंच पाहिलें व त्याचा वृत्तांत १९३९ सालीं प्रसिद्ध केला. मुलांपुढें धान्य, भाज्या, फळें, दूध, अंडीं, मांस असें साधें अन्न मांडीत. दाईनें आग्रह करावयाचा नाहीं. मूल ज्याकडे हात करील तेंच द्यावयाचें. एखादें मूल आज एका जिनसावर ताव मारी, उद्यां त्यास शिवतही नसे. पण सारीं मुलें धडधाकट वाढलीं. मात्र ह्यांतली खोंच बाईंनीं स्वतःच सांगितली आहे : मांडलेल्या अन्नांत साखर, मिठाई मुळींच नव्हती. म्हणजे ताटांत काय असावें हें मोठ्यांनीं ठरवावें. त्यांतलें किती खावें हें लेकरानें ठरवावें. आम्ही नेमकें उलट करितों. किती खावें त्याची जबरदस्ती करितों, आणि काय खावें तें दुकानदारावर सोडतों !

सकाळीं चहांत बुडविलेलें बिस्किट, नऊ वाजतां पांच रुपयांची चटकदार पुडी, रडलें कीं गोळी. मग दुपारीं भाकरीला भूक कोठून येणार? ओल्या लाकडानें चूल विझते, तशी पुडीनें भूक विझते. चहानें तर अन्नांतलें लोह अंगीं लागत नाहीं, आणि लोह कमी पडलें कीं भूक आणखी मंदावते. दुधाचेंही तेंच. वर्ष उलटल्यावर दिवसाला अर्धा लिटरहून अधिक वरचें दूध पाजलें तर पोट दुधानेंच भरतें. रोजची पांच रुपयांची पुडी म्हणजे महिन्याला दीडशें रुपये. तेवढ्यांत अंडीं, गूळ, शेंगदाणे किती येतात, हा हिशेब तुम्हीच बाजारांत करून पाहा.

मग करावें काय ? ६ महिनेपर्यंत केवळ आईचें दूध; पाणीही नको. पुढें दूध चालू ठेवून मऊ अन्न सुरू करावें. त्यासाठीं दुकान लागत नाहीं. वरणांत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, तेलातुपाची मऊ खिचडी, बारीक शेंगदाण्याचें कूट, शेवग्याची कोंवळी भाजी, उकडलेलें अंडें, केळें, हें सारें आपल्या घरचेंच आहे. भाजीवर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अधिक लागू पडतें. आखे शेंगदाणे, फुटाणे मात्र लहानास देऊं नयेत. ते श्वासनळींत अडकतात. नवी भाजी मुलानें थुंकली तर रागावूं नये. दोन दिवसांनीं चिमूटभर पुन्हा ठेवावी. दहा-दहादां समोर आल्यावर जीभ ओळख धरते. जेवणाच्या वेळा बांधाव्या. हात धुऊन लेकरास आपल्या पंगतींत बसवावें, त्याचें ताट वेगळें द्यावें, सांडूं द्यावें. मोबाईल दाखवून घांस घालूं नये. "पुरे" म्हणालें कीं ताट उचलावें. रागावूं नये आणि पाठोपाठ पुडीही देऊं नये.

आतां एक कडू गोष्ट. मुलगा रुसला तर सारें घर त्याच्यामागें धांवतें. मुलगी न जेवतां निजली तर "शहाणी पोर आहे, हट्ट करीत नाहीं" असें म्हणतों. अंडें त्याच्या ताटांत, रस्सा तिच्या. आई तर सर्वांच्या मागून तव्यावरचें खरवडून खाते. बंधूंनो, मुलीची भूक मुलाइतकीच खरी आहे. वांटणी सारखी करा.

पण भूक खरोखरच गेली असेल तर आमच्या ह्या बोलण्यावर विसंबूं नका. वजन दोन-तीन महिने चढत नाहीं, मूल मलूल आहे, पांढुरकें दिसतें, ताप किंवा हगवण आहे, तर सरकारी दवाखान्यांत न्यावें, बाबाकडे नव्हे. सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून बारीक भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज येऊन दाबल्यास खळगा पडला, तर एक दिवसही दवडूं नये. पोटांतले जंत भूक खातात. २०१५ पासून अंगणवाड्यांत व शाळांत जंतांची गोळी फुकट देण्याचा दिवस पाळतात. ती चुकवूं नये. आणि आजारांत लेकरास उपाशी ठेवण्याची जुनी चाल सोडा. थोडेंथोडें, वरचेवर भरवा. हगवणींत मीठसाखरेच्या तयार पुडीचें पाणी पाजा. बरें झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्या.

मंडळी, आपण धनी-सावकारांच्या हुकुमाखालीं पुष्कळ राबलों. ज्या लेकराच्या तोंडांत घांस कोंबला जातो, त्यास पहिला धडा हाच मिळतो कीं आपल्या पोटाचें कळणें खोटें आणि दुसऱ्याचा हुकूम खरा. हा धडा निदान आपल्या घरांत तरी नको. आमची मुलगी आज दुसरींत आहे. परवां ती ताटावरून म्हणाली, "आई, आणखी अर्धी भाकरी वाढ." तें मागणें ऐकून आम्हांस जें समाधान झालें, तें तुमच्याही घरोघरीं व्हावें, एवढीच इच्छा सांगून आम्ही रजा घेतों.