सेंद्रिय शेतीतील श्रम आणि सहजीवन



सेंद्रिय शेतीविषयी बोलताना खत, कीड, बियाणे आणि बाजारभाव यांची चर्चा नेहमीच होते. ती व्हावयासही हवी. परंतु ज्या हातांनी ही शेती करावयाची त्या हातांचा विचार क्वचितच केला जातो. तणनाशक नको म्हटले की खुरपे आले आणि खुरपे आले की ते धरणारा माणूस आला. हा माणूस कोठून आणावयाचा, त्याला काय द्यावयाचे आणि तो स्वयंस्फूर्तीने, मोबदल्याविना आला तर त्याच्यासह कसे राहावयाचे, या प्रश्नांना जगात निरनिराळ्या ठिकाणी जी उत्तरे मिळाली, त्यांतील काही येथे पाहावयाची आहेत.

जपानच्या शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात इयो नावाचे गाव आहे. मासानोबू फुकुओका यांचा जन्म तेथे १९१३ साली झाला. वनस्पतिरोगशास्त्र शिकून ते योकोहामाच्या जकात कार्यालयात वनस्पती तपासणीचे काम करू लागले. पंचविशीच्या सुमारास एका गंभीर दुखण्यातून उठल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि निसर्गात माणसाने ढवळाढवळ करण्याचे कारण नाही, असा विचार घेऊन ते वडिलांच्या शेतावर परतले. तेथे त्यांनी संत्र्याच्या बागेची छाटणी थांबवली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडींनी झाडे घेरली आणि बाग वाळून गेली. वर्षानुवर्षे छाटलेले झाड एकाएकी वाऱ्यावर सोडणे म्हणजे नैसर्गिक शेती नव्हे, ती केवळ उपेक्षा होय, हा धडा त्यांना वडिलांची झाडे गमावून मिळाला. पुढे युद्धकाळात त्यांनी कोची प्रांतातील कृषी संशोधन केंद्रात काम केले आणि युद्धानंतर ते पुन्हा गावी आले. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, निंदणी नाही आणि औषधफवारणीही नाही, अशी त्यांची पद्धत स्थिर होण्यास सुमारे तीस वर्षे लागली.

त्यांच्याकडे भाताची जमीन सुमारे सव्वा एकर आणि डोंगरावरील संत्र्याची बाग सुमारे साडेबारा एकर होती. भाताच्या शेताचे वेळापत्रक ऐकण्यासारखे आहे. ऑक्टोबरच्या प्रारंभी उभ्या भातातच क्लोव्हर या द्विदल गवताचे आणि हिवाळी धान्याचे बी फेकावयाचे. महिनाअखेरीस विळ्याने भात कापावयाचे. झोडणी झाली की सारा पेंढा न तोडता शेतात परत पसरावयाचा. नोव्हेंबरच्या मध्यास पुढील वर्षाच्या भाताचे बी मातीच्या गोळ्यांत गुंडाळून त्याच शेतात टाकावयाचे. मे महिन्यात हिवाळी धान्य निघाले की त्याचाही पेंढा जमिनीवरच राहावयाचा. जूनमध्ये थोडे दिवस पाणी भरून क्लोव्हर दबले की खालचे भात वर येते. दहा आर, म्हणजे सुमारे पाव एकर क्षेत्रात सुमारे पाचशे ते सहाशे किलो भात आणि तितकेच हिवाळी धान्य मिळते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

पेंढा पसरण्याची गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु तिच्यात बरेच काही आहे. पेंढा वेडावाकडा, कसाही पडावा, एका दिशेने आणि नीटनेटका अंथरलेला नसावा, यावर फुकुओका यांचा कटाक्ष असे. सुबक रचलेल्या पेंढ्याखालून अंकुर वर येऊ शकत नाहीत. शेतीची शिस्त शिकलेल्या माणसाला हा वेडेवाकडेपणा साधत नाही आणि शहरातून आलेल्या मुलाला विळाच साधत नाही. दोघांनाही शिकावेच लागते. ‘काहीही न करण्याची शेती’ या नावाने ही पद्धत जगभर गाजली खरी, पण त्या नावाने अनेकांची दिशाभूल झाली. फुकुओका यांनी वगळली ती अनावश्यक कामे. जी उरली ती नेमक्या दिवशी, नेमक्या हाताने करावी लागत.

या हातांसाठी डोंगरावर माणसे येऊ लागली. साठ-सत्तरच्या दशकांत जपानमधील आणि नंतर परदेशांतील तरुण त्या बागेत येऊन राहू लागले. काही चार दिवसांनी जात, तर काही वर्षानुवर्षे राहत. राहण्यासाठी मातीच्या भिंतींच्या एकखणी झोपड्या होत्या. वीज नव्हती, नळ नव्हता. पिण्याचे पाणी झऱ्यावरून बादल्यांनी आणावयाचे, चुलीवर स्वयंपाक करावयाचा आणि रात्री मेणबत्ती किंवा रॉकेलचा दिवा लावावयाचा. लाकडे फोडणे, स्नानाचे पाणी तापवणे, शेळ्या व कोंबड्या सांभाळणे, मधमाश्यांच्या पेट्यांकडे लक्ष देणे, झोपड्यांची डागडुजी, सोयाबीनपासून मिसो आणि तोफू करणे ही कामे आळीपाळीने चालत. माणशी महिन्याला सुमारे दहा हजार येन इतकी रक्कम फुकुओका खर्चासाठी देत. तीतून सोयाबीनचा रस्सा, तेल अशा घरी न होणाऱ्या वस्तू येत. बाकी अन्न शेतातून आणि डोंगरातून मिळवावयाचे. संत्र्याच्या झाडांखाली मुळा, मोहरी, सलगम, गाजर ही पिके अर्धरानटी अवस्थेत वाढत. ती ओळखून काढून आणणे हेही शिक्षणच होते.

याच झोपड्यांत राहिलेल्या लॅरी कॉर्न या अमेरिकन तरुणाने सहकाऱ्यांसह फुकुओका यांच्या १९७५ सालच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि भारतातही पोहोचले. होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील केंद्रात याच विचारावर ‘ऋषी खेती’चे प्रयोग झाले. १९८८ साली फुकुओका यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विश्वभारतीने त्यांना ‘देशिकोत्तम’ ही पदवी दिली. २००८ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. एवढे नाव झालेल्या माणसाच्या शेतात पेंढा पसरणारे आणि मातीचे गोळे वळणारे हात बहुतांशी अनामिक राहिले, हेही नमूद करावयास हवे.

इंग्लंडमध्ये हीच गरज वेगळ्या वाटेने भागली. १९७१ च्या शरद ऋतूत लंडनमधील सू कोपार्ड या सचिव म्हणून नोकरी करणाऱ्या महिलेला शनिवार-रविवारी शहराबाहेर पडून शेतावर काम करावेसे वाटले. ससेक्समधील एमर्सन कॉलेजच्या शेतावर चार माणसांनी एक शनिवार-रविवार राहून पाहिले. त्या प्रयोगातून ‘वूफ’ ही चळवळ उभी राहिली आणि आज ती शंभरावर देशांत पोहोचली आहे. तिचा व्यवहार साधा आहे. पाहुण्याने दिवसातून चार ते सहा तास काम करावयाचे, यजमानाने जेवण आणि निवारा द्यावयाचा. पैशाची देवघेव नाही. चळवळीच्या पहिल्या नावात ‘काम’ हा शब्द होता. पुढे पाहुण्यांना स्थलांतरित मजूर समजले जाऊ लागल्याने नाव पालटून ‘संधी’ हा शब्द आला. नाव बदलले, पण त्यामागचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. पाहुणा शिकण्यासाठी आला आहे की फुकटचा गडी म्हणून राबवला जात आहे, याचे उत्तर नावावरून मिळत नाही. सकाळच्या कामानंतर दुपारी यजमान त्याच्यापाशी बसून काही सांगतो की नाही, यावरून ते मिळते.

आता सहजीवनाकडे वळू. शेतावरील सहजीवन मोडते ते तत्त्वांच्या वादाने क्वचितच. ते बहुधा स्वयंपाकघरात आणि संडासात मोडते. या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मचा दाखला जुना असला तरी अद्याप उपयोगी आहे. १९१० साली हर्मन कॅलनबॅक यांनी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरील सुमारे अकराशे एकरांचे हे शेत सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी गांधीजींना वापरण्यास दिले. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती एकत्र राहिले. नोकर नव्हते आणि स्वयंपाकघर एकच होते. जेवण शाकाहारी ठेवावयाचे ते सर्वांच्या संमतीने, असे ठरले. सांडपाणी बादल्यांत साठवून झाडांना घालत आणि उष्टे-खरकटे व भाजीचा पाला खतात जाई. मैला दीड फूट खोल खड्ड्यात टाकून त्यावर माती ओढत. एवढी माणसे राहत असूनही घाण किंवा दुर्गंधी नसे आणि शेताला खत मिळे. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली तेथे आले. स्थानकापासून दीड मैल चालताना पावसात भिजून त्यांना सर्दी झाली, तरी सारेजण जमिनीवर झोपतात हे कळताच त्यांनी आपल्यासाठी आणलेली खाट काढावयास लावली आणि अंथरूण जमिनीवर घालून घेतले. पाहुण्याने यजमानाचे जीवन जसे आहे तसे स्वीकारावे, याचा हा नमुना पुण्याच्या एका प्रकृतीने नाजूक नेत्याने घालून दिला.

मैल्यापासून होणाऱ्या खताला मराठीत ‘सोनखत’ हा सुंदर शब्द आहे. मात्र ते सोने हाताळण्याचे काम समाजाने पिढ्यान् पिढ्या एकाच जातीच्या माथी मारले. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी हे अमान्य केले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे, या मागणीसाठी त्यांनी उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास, सोनखत आणि मृत जनावरांच्या कातड्याचा उपयोग या कामांना वाहून घेतले. शिबिरात कोण कोणते काम करतो याचा तक्ता लावण्यापूर्वी शिक्षकांनी अप्पासाहेबांचे हे कार्य विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. तक्त्यात स्वच्छतेचे काम नेहमी त्याच मुलांकडे आणि स्वयंपाक नेहमी मुलींकडेच येत असेल, तर ते सहजीवन नव्हे.

श्रमशिबिराची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. कुष्ठमुक्त माणसांनी कसलेल्या जमिनीवर मे महिन्याच्या उन्हात शहरी मुलांनी कुदळ-फावडे चालवले. त्यांतील कित्येकांनी पुढे समाजकार्य हेच आयुष्य मानले. राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ पासून महाविद्यालयांत चालू आहे. मनुष्यबळ आहे, सवयही आहे. सेंद्रिय शेताशी त्यांची गाठ मात्र पुरेशी घातली गेलेली नाही.

ही गाठ घालताना एक खबरदारी पंचायतीने घ्यावयास हवी. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्याला मजुरी मिळण्याचा हक्क मानणारे हे राज्य आहे. एखाद्या सधन शेतकऱ्याने पाच पाहुणे आणले आणि त्यामुळे गावातील पाच शेतमजूर स्त्रियांची निंदणीची मजुरी गेली, तर त्या श्रमदानाची किंमत गरिबाने मोजली असे होईल. म्हणून मजुरीची नेहमीची कामे मजुरांचीच राहावीत. स्वयंसेवकांकडे बांधबंदिस्ती, कंपोस्टचे खड्डे, रोपवाटिका, बियाण्यांची निवड आणि नोंदी ही कामे द्यावीत. फुकुओका यांचे म्हणणे असे होते की, नैसर्गिक अन्न पिकवण्यास खर्च कमी लागतो, तेव्हा ते बाजारात स्वस्त असावे. विचार उदात्त आहे. परंतु ज्या मालाची स्वस्ताई बिनमजुरीच्या हातांवर उभी आहे, त्या मालाशी शेजारचा लहान शेतकरी स्पर्धा कशी करणार, हे त्यातून सुटत नाही.

स्वयंसेवकांची खरी गरज असते ती संक्रमणकाळात. राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार हंगामी पिकांना सामान्यतः दोन वर्षे आणि फळबागांना तीन वर्षे थांबावे लागते. या काळात तण वाढते, उत्पादन घटते आणि सेंद्रिय मालाचा वाढीव भाव मात्र मिळत नाही. अनेक शेतकरी याच टप्प्यावर माघार घेतात. २०१५ साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत गट करून शेतकऱ्यांना साहाय्य देण्याची कल्पना आली, ती याच अडचणीवर तोड म्हणून. अशा गटातील ज्या कुटुंबात काम करणारी माणसे थोडी आहेत, त्याच्या शेतावर शाळा-महाविद्यालयांची शिबिरे प्रथम न्यावीत.

वेळेचा मेळ हीही एक अडचण आहे. शिबिरे बहुधा मे महिन्यात किंवा हिवाळ्यात भरतात. बांधबंदिस्तीला मे ठीक. पण कोकणात आणि मावळात भातशेतीला माणसे लागतात ती आषाढातील लावणीला आणि दिवाळीच्या आगेमागे कापणीला. लावणीच्या वेळी शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. दिवाळीची सुट्टी मात्र अनेक ठिकाणी कापणीशी जुळते. त्या सुट्टीतील आठ दिवस ज्या मुख्याध्यापकांना उपयोगात आणावयाचे असतील, त्यांनी भाद्रपदातच ग्रामसभेत विषय मांडावा. मुले कोणाच्या घरी जेवतील, रात्री कोठे झोपतील, पाणी कोठून येईल आणि विळा धरण्यास कोण शिकवेल, हे तेव्हाच ठरवावे. विळा शिकवणारी व्यक्ती गावातील जाणती शेतमजूर स्त्री असावी आणि तिला त्या दिवसांची पूर्ण मजुरी शिबिराच्या खर्चातून मिळावी.