आमच्यामागे याचं कसं होईल?

गणेशोत्सवात आपण दिव्यांग मुलांचे कार्यक्रम ठेवतो, त्यांचं मनापासून कौतुक करतो. त्यांच्या आईवडिलांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : 'आमच्यामागे याचं कसं होईल?'

आपल्या ग्वाल्हेरात रामकृष्ण आश्रमाचं 'रोशनी' केंद्र बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवतं. पण शिकलेल्या हातांना रोजचं कामही हवं. २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखल्या. आपल्या दुकानांना ते बंधन नाही. तिथे आपणच पुढे व्हायला हवं. बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरुग्णांना भिक्षेऐवजी काम दिलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी सिंधुदुर्गात दिव्यांगांसाठी काजूप्रक्रियेचा उद्योग उभारला.

आपल्यात कुणाचं दुकान आहे, कुणाचा छापखाना. पाकिटं भरणं, माल मोजणं, कागदाच्या घड्या घालणं ही कामं टप्प्याटप्प्याने, एकाच माणसाने शिकवली तर पुष्कळांना जमतात. वेळ लागेल, तो द्यावा; आणि कामाचा पगार पूर्ण द्यावा. पुढच्या चतुर्थीपर्यंत आपल्यातल्या १० घरांनी एकेक जागा द्यावी, ही आमची कळकळीची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!